अरबी शिक्षण, बेळगाव सीमाभागातील

बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) जिल्ह्याच्या मराठीभाषक पट्ट्यात, म्हणजे मुख्यतः निपाणी, खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत, मशिदींना जोडलेल्या मकतबांतून (प्राथमिक धार्मिक वर्गांतून) व निवासी मदरशांतून मुस्लिम मुलांना दिले जाणारे अरबीचे शिक्षण. अशा शिक्षणात अरबीला सरसकट ‘दुसरी भाषा’ म्हणतात. इथल्या मुलाच्या बाबतीत मात्र तिचा नंबर पाचवा-सहावा लागतो. घरात दखनी (उर्दूची दक्षिणी बोली), गल्लीत मराठी, शाळेत मराठी किंवा कन्नड, जोडीला इंग्रजी आणि मकतबात उर्दू. अरबी येते ती या सगळ्यांनंतर, तीही उर्दूचे बोट धरून.

आदिलशाहीच्या काळातही अरबी इथे व्यवहाराची भाषा नव्हती. दरबार फारसीचा होता आणि पहिल्या इब्राहिम आदिलशाहाने (कारकीर्द १५३४–५८) हिशेबाच्या दप्तरात फारसीऐवजी स्थानिक भाषा आणली. अरबी राहिली ती नमाजात, धर्मशास्त्रात आणि विजापूरच्या इब्राहिम रौजासारख्या इमारतींवर कोरलेल्या आयतींत (कुराणातील वचनांत).

शिक्षणाची पहिली पायरी मकतब. शाळेच्या वेळा सांभाळून तो फजरच्या (पहाटेच्या) नमाजानंतर किंवा संध्याकाळी भरतो, सुट्टी शुक्रवारी. शिकवतात बहुधा मशिदीचे पेशइमामच (नमाज पढवणारे). ‘नूरानी कायदा’ हे अंकलिपीवजा पुस्तक हातात येते. आधी अक्षरे सुटी, मग एकमेकांना जोडून, मग स्वरचिन्हे. या चिन्हांची अरबी नावे फतहा, कसरा, जम्मा. इथे ती जबर, जेर, पेश या फारसी नावांनीच शिकतात आणि ‘बा जबर ब, बा जेर बि, बा पेश बु’ असे हिज्जे मोठ्याने म्हणतात. कायदा संपला की नाजरा, म्हणजे रेहलवर (लाकडी घडवंचीवर) कुराण ठेवून त्याचे तीस सिपारे (भाग) पाहून वाचणे. अर्थ या टप्प्यावर अपेक्षित नसतो. बहुतेक मुलांचे अरबी शिक्षण ‘खतम’ झाल्यावर, म्हणजे कुराण एकदा पूर्ण वाचून झाल्यावर, मिठाई वाटून, इथेच थांबते.

उस्तादांचा खरा घाम निघतो तो उच्चारांवर. दखनीत घशाजवळच्या ‘क़’चा सर्रास ‘ख’ होतो, ‘कलम’चे ‘खलम’ आणि ‘कुरान’चे ‘खुरान’. मराठीच्या वळणाचे मूल त्याच अक्षराचा साधा ‘क’ करते. एकाच ओळीत बसलेली दोन मुले दोन तऱ्हांनी चुकतात. ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा, ही जोडी मग पाठच करून घेतली जाते. मराठीत इकार-उकाराच्या ऱ्हस्वदीर्घाने उच्चारात अर्थ सहसा बदलत नाही, त्यामुळे मद्द, म्हणजे स्वर ठरीव मात्रांपर्यंत ताणणे, मुलांच्या अंगवळणी उशिरा पडते. ‘ज़ाद’ अक्षराचा वाद तर मोठ्यांचाच आहे. सूरह फातिहाच्या (कुराणातील पहिल्या अध्यायाच्या) शेवटी कुठे ‘वलज़्ज़ाल्लीन’ ऐकू येते, कुठे ‘वलद्दाल्लीन’, आणि त्यावरून जुंपतेही.

अडचण अरबीपेक्षा मधल्या उर्दूची जास्त आहे. उर्दू शाळेतल्या मुलाला लिपी ओळखीची असते. मराठी शाळेतले मूल लिपी, सूचनांची भाषा आणि शिकायची भाषा अशी तिन्ही ओझी एकदम उचलते. त्यावर तोडगा म्हणून नमाज आणि दुआ देवनागरीत छापलेल्या पुस्तिका चालतात. पाठांतराला त्या सोयीच्या आहेत, उच्चाराला घातक. अरबीतली तीन वेगळी अक्षरे त्यांत एकाच ‘स’खाली येतात आणि नुक्ते (अक्षराखालची टिंबे) छपाईत गळतात. व्याकरणाची ओळख थेट मराठीतून करून देणे अशक्य नाही, पण पाठ्यक्रम वरून, उत्तर भारताकडून, उर्दूतच येतो.

निवासी मदरशांत दोन वाटा आहेत. हिफ्जचा विद्यार्थी कुराण तोंडपाठ करतो. रोजचा नवा पाठ तो सबक, नुकत्याच झालेल्या पाठांची उजळणी ती सबकी आणि जुन्याची मंजिल. आलिमची (धर्मपंडिताची) वाट अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलात घडलेल्या दर्से निजामी या अभ्यासक्रमाची आहे. तिथे सर्फ (शब्दरूपे) आणि नह्व (वाक्यरचना) यांपासून सुरुवात होते. ‘फअल, फअला, फअलू’ ही क्रियापदाच्या चौदा रूपांची गर्दान (रूपावली) संस्कृतच्या ‘रामः रामौ रामाः’सारखीच घोकली जाते. संस्कृत घेतलेल्या मुलाला निदान द्विवचनाचे नवल वाटत नाही. अरबी वाक्याचा उर्दू तर्जुमा (भाषांतर) करण्यावर भर असतो, बोलण्याचा सराव थोडा. आखातात नोकरीला गेलेल्याला ही ग्रांथिक अरबी बाजारात फारशी कामी येत नाही, कारण तिथली बोली निराळी.

गावात अरबी कानावर पडते ती अजान, जुम्म्याचा खुत्बा (शुक्रवारचे प्रवचन), निकाह, जनाजा आणि रमजानमधली तरावीह (रात्रीची जादा नमाज) या प्रसंगी. खुत्ब्याआधीचे बयान मात्र उर्दूत असते, कारण सांगायचे ते कळायला हवे.

शिक्षणहक्क कायद्यातून मदरसे आणि वैदिक पाठशाळा यांना २०१२ च्या दुरुस्तीने वगळले आहे. कर्नाटकात दहावीला अरबी तिसरी भाषा म्हणून घेता येते, पण त्यासाठी शाळेत शिक्षक असावा लागतो.

हजहून येणारे लोक सौदी छपाईचे कुराण आणतात, तेव्हा नाजरा झालेली मुलेही अडखळतात. भारतीय छपाईतला खडा जेर, उलटा पेश (दीर्घ ई, ऊ यांच्या खुणा) त्यात नसतो, जज़्मचा (स्वर नसल्याच्या खुणेचा) आकार वेगळा असतो आणि न उच्चारायच्या अक्षरांवरची खूणही निराळी असते. म्हणून मकतबात भारतीय छपाईची प्रतच वापरतात.