हिरडीच्या ऑपरेशनमध्ये ‘हाडाची पावडर’ भरण्याआधी

‘पावडर भरली की दात घट्ट होणार ना?’ आमच्या दवाखान्यात हा प्रश्न इतक्या वेळा विचारला जातो, की उत्तर छापून ठेवलेलं बरं.

पायरियात दात हलतो, कारण त्याला धरून ठेवणारं जबड्याचं हाड झिजलेलं असतं. निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली फट साधारण १ ते ३ मिलिमीटर खोल असते. ती वाढली की तिथे ब्रश पोचत नाही आणि घाण साचून हाड आणखी खाली जातं. आम्ही आधी मुळापर्यंत सफाई करतो आणि काही आठवड्यांनी फट पुन्हा मोजतो. बऱ्याच जणांचं तेवढ्यावरच भागतं. ज्यांचं भागत नाही, त्यांच्यासाठी पुढचा मजकूर.

हिरडी उघडून आत साफ केलं की मोकळी झालेली जागा वरची त्वचा भराभर व्यापते. हाड आणि दाताला हाडाशी बांधणारे तंतू सावकाश वाढतात, त्यामुळे त्यांना जागाच उरत नाही. १९८२ साली स्वीडनमध्ये स्टूरे नीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या खालच्या पुढच्या दाताभोवती गाळणकागदासारखा पडदा लावून त्वचेला अडवलं. तीन महिन्यांनी तो दात काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर मुळावर नवे तंतू रुजलेले होते. आजचं तंत्र यातूनच आलं. सुरुवातीचे पडदे काढायला दुसरं ऑपरेशन करावं लागे. आता बहुतेक वेळा कोलॅजन या प्रथिनाचे, आपोआप विरघळणारे पडदे वापरतात.

पावडरीचं काम मुख्यतः जागा धरून ठेवण्याचं आणि नव्या हाडाला आधार देण्याचं. हाड तयार करायचं ते तुमच्या शरीरालाच.

ही पावडर कशाची असते, हे जरूर विचारा. काही वेळा तुमच्याच जबड्यातून थोडं हाड घेता येतं. काही पावडर मानवी दात्यांच्या हाडापासून बनते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक १९८८ पासून किरणांनी निर्जंतुक केलेल्या अशा ऊती पुरवते. बाजारात बरीच पावडर गाईबैलांच्या हाडाची असते. तिच्यातले सेंद्रिय घटक काढलेले असतात, उरतो तो खनिजाचा सांगाडा. कोलॅजनचे पडदे बहुधा डुकराच्या किंवा गुरांच्या ऊतींचे असतात, आणि मुळावर लावायची एनॅमल प्रथिनांची जेल डुकराच्या वाढत्या दातांपासून काढतात. धर्म किंवा शाकाहार यामुळे हे नको असेल तर संकोच न करता सांगा. कॅल्शियम फॉस्फेट किंवा बायोॲक्टिव्ह काचेची कृत्रिम पावडर मिळते, कृत्रिम पडदेही मिळतात.

पीआरएफ म्हणजे तुमच्याच रक्तातून मिळणारा साका. हातातून थोडं रक्त घेऊन नळी लगेच यंत्रात फिरवली, की खाली लाल पेशी बसतात, वर पिवळसर पाणी राहतं आणि मध्ये जेलीसारखी गुठळी जमते. ती दाबून पातळ चकती करून जखमेत ठेवतात. स्वस्त आणि उपयोगी आहे, पण हाड झिजून पडलेल्या प्रत्येक खड्ड्याला तेवढंच पुरतं असं आम्ही म्हणणार नाही.

खड्डा खोल, अरुंद आणि तीन बाजूंनी हाडाच्या भिंती असलेला असेल तर निकाल चांगला येतो. सगळीकडून सारखंच झिजलेलं हाड मात्र भरून निघत नाही: वाटीत भरलेलं टिकतं, ताटावर ठेवलेलं पसरतं. अशा वेळी पावडरीचा खर्च आम्ही सुचवत नाही. तंबाखू, मिश्री, सिगारेट चालू असेल किंवा साखर आटोक्यात नसेल, तर ऑपरेशन पुढे ढकलतो. यावर कुणी नाराज झालं तरी आमचा इलाज नाही.

ऑपरेशननंतर टाके निघेपर्यंत त्या जागी ब्रश फिरवायचा नाही, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाच्या गुळण्या करायच्या. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात, ते नंतर पॉलिशने निघतात. पहिले सहा महिने आम्ही तिथली फट मोजत नाही. एक्स-रे लगेच काढला तर खड्डा पांढरा, भरलेला दिसेल, पण ती बहुतेक पावडरच असते. ते नवं हाड आहे असं समजू नका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी कळवा, स्वतःहून बंद करू नका. काम जागेवरची भूल देऊन होतं, त्यामुळे जेवून या. वापरलेल्या सामग्रीच्या पाकिटावरचं बॅच क्रमांकाचं लेबल तुमच्या फाइलला चिकटवतो. त्याचा फोटो मागून घ्या.