मूकपटातली चोरी, प्रेम आणि परस्पर ठरलेलं लग्न : पार्श्वभूमी

चोरीचा आळ, लपवलेलं प्रेम आणि वडिलांनी परस्पर ठरवलेलं लग्न हे त्रांगडं मूकपटांना रंगभूमीवरून आयतं मिळालं. गंमत अशी, की त्या रंगभूमीलाही एके काळी बोलायची बंदी होती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये संवादी नाटकांचा मक्ता ‘कॉमेदी फ्रान्सेज’ या राजाश्रयी नाटक मंडळीकडे होता. जत्रेतल्या नटांनी तोड काढली : मजकुराच्या गुंडाळ्या खिशात ठेवायच्या आणि वेळ आली की प्रेक्षकांपुढे उलगडायच्या. पुढे या पाट्या वरून खाली सोडू लागले. मूकपटात दृश्यांमध्ये मजकूर दाखवणाऱ्या पाट्यांची ही पणजी.

हे त्रांगडं रंगलं ते मेलोड्रामात, म्हणजे संगीताची साथ असलेल्या भावनाप्रधान नाटकात; त्यातलं ‘मेलो’ म्हणजे ग्रीकमधलं गाणं. फ्रेंच नाटककार पिक्सेरेकूरच्या १८०० सालच्या ‘सेलिना’ या मेलोड्रामात एक मुका माणूस महत्त्वाचं पात्र आहे. १८१५ साली पॅरिसमध्येच आलेल्या ‘चोरटी मॅग्पाय’ या नाटकात (मॅग्पाय हा कावळ्याच्या कुळातला पक्षी) मोलकरणीवर चांदी चोरल्याचा आळ येतो. खरा चोर पक्षी असतो, पण फरारी बापाला वाचवायचं म्हणून ती तोंड उघडत नाही. इटालियन संगीतकार रोसिनीने १८१७ मध्ये याच कथेवर ऑपेरा रचला. नायिकेने गप्प राहण्याला असं सबळ कारण असलं की आवाज नसल्याची उणीव भासत नाही.

शिवाय प्रेम कॅमेऱ्याला दिसत नाही, गळ्यातला हार दिसतो. खणातून हार निघाला, अस्तनीत गेला, मग नायकाच्या कोटात सापडला, एवढं जवळून दाखवलं की अर्धी कथा पाटीविना सांगून होते. लग्नाचा सौदाही असाच कागदावरच्या सहीत दिसतो.

आज हे मूकपट पाहताना घोळ होतो तो बहुधा वेगाचा. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. सेकंदाला १६ फ्रेम धरल्या तर हजार फुटी रीळ जवळजवळ १७ मिनिटं चालतं, २४ धरल्या तर ११ मिनिटांत संपतं. मग नायिकेचा हुंदका उचकीसारखा दिसतो. पाट्यांचं दुखणं निराळं. फिल्म वाचवायला निगेटिव्हमध्ये पाटीच्या मोजक्याच फ्रेम ठेवत आणि प्रिंट काढताना ती लांबवत. ते राहून गेलं तर पत्रातला मजकूर वाचण्याआधीच निघून जातो.

रंगाचं नुकसान याहून मोठं. तेव्हाची ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ म्हणून ओळखली जाणारी कृष्णधवल फिल्म लाल रंग टिपत नसे आणि रात्रीचं चित्रण परवडत नसे, म्हणून बरीचशी रात्र उन्हातच चित्रित होई. मग प्रिंटचा तो तुकडा निळ्या रंगात बुडवायचा, दिवा लागला की पुढचा तुकडा पिवळसर, आणि प्रत्येक रंगबदलाला सांधा. अशा प्रिंटची नुसती कृष्णधवल नक्कल काढली की चोर लख्ख उन्हात दबक्या पावलांनी फिरताना दिसतो आणि समोरच्या पहारेकऱ्याला तो का दिसत नाही, हे कळेनासं होतं. अशा वेळी त्या काळच्या नायट्रेट फिल्मवरच्या जुन्या रंगीत प्रिंटचा एखादा तुकडा किंवा निगेटिव्हच्या टोकाला हाताने लिहिलेली रंगाची खूण हाच आधार उरतो.