स्नायूंचे सोनोग्राफी-मापन आणि शरीरातील मेद

श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने स्नायूची जाडी, छेदक्षेत्र, तंतूंचा कल आणि प्रतिमेतील उजळपणा मोजण्याच्या पद्धतीला स्नायूंचे सोनोग्राफी-मापन म्हणतात. वार्धक्यातील स्नायुक्षय, अतिदक्षता विभागातील रुग्ण, स्नायूंचे आनुवंशिक विकार आणि खेळाडूंची तयारी या क्षेत्रांत ती वापरली जाते. तेच माप पुन्हा घेतले असता तेच उत्तर कितपत मिळते, यावर मापनाची विश्वसनीयता ठरते. ती यंत्रावर व मापकाच्या हातावर अवलंबून असतेच. परंतु त्वचेखालील मेदाचा थर आणि स्नायूत शिरलेला मेद यांचाही तिच्यावर परिणाम होतो.

पद्धतीच्या उगमाबाबत एकमत नाही. संदर्भसाहित्यात बहुधा इकाई आणि फुकुनागा या जपानी संशोधकांच्या 1968 मधील कार्याचा निर्देश असतो. त्यांनी दंडाच्या स्नायूंचे छेदक्षेत्र मोजून त्याचा बळाशी संबंध लावला. तथापि 1950 च्या दशकातच अमेरिकेत जिवंत गुरे व डुकरे यांच्या पाठीवरील चरबी आणि स्नायू याच तत्त्वावर मोजले जात होते, आणि मेद व स्नायू यांची सीमा प्रतिध्वनीवरून ओळखण्याचे काम तेथे आधी झाले होते. मानवी स्नायूचे आकारमान व बळ यांच्या संदर्भात मात्र 1968 हेच वर्ष आरंभ म्हणून स्वीकारणे अधिक सयुक्तिक वाटते. स्नायूच्या उजळपणावरून विकार ओळखण्याची चार पायऱ्यांची श्रेणी हेकमॅट, डुबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये मांडली.

यंत्र सर्व मृदू ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला 1540 मीटर असे गृहीत धरते. मेदात तो सुमारे 1450, तर स्नायूत सुमारे 1580 मीटर असतो. त्यामुळे 30 मिलिमीटरचा मेदाचा थर पडद्यावर जवळपास 32 मिलिमीटर दिसतो आणि 20 मिलिमीटरचा स्नायू अर्ध्या मिलिमीटरने पातळ दिसतो. स्नायूची जाडी वरच्या व खालच्या प्रावरणींमधील (स्नायूला वेढणाऱ्या तंतुमय आवरणांमधील) अंतरावरून काढली जाते. म्हणून वरील मेदामुळे दोन्ही सीमा सारख्याच खाली सरकतात आणि जाडीत थेट फरक पडत नाही. शिवाय ही चूक दर वेळी एकाच दिशेने होते. ती मापाच्या सत्यतेला बाधा आणते, विश्वसनीयतेला नव्हे. हा भेद अनेक लेखांत पुसला जातो, तो काटेकोरपणे पाळला पाहिजे.

विश्वसनीयता खरोखर ढासळते ती ध्वनी क्षीण झाल्यामुळे. मेदात दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे सुमारे 0.5 डेसिबल घट धरली, तर 3 सेंटिमीटर मेदातून जाऊन परत येताना 10 मेगाहर्ट्झची लहर 30 डेसिबल गमावते; 5 मेगाहर्ट्झवर ही घट निम्मी होते, परंतु बारकावेही कमी होतात. खालची प्रावरणी धूसर झाली की रेषा कोठे धरायची हा मापकाचा अंदाज ठरतो. स्पष्ट चित्राच्या प्रयत्नात प्रोब (त्वचेवर टेकवायचा यंत्राचा भाग) अधिक दाबण्याकडे कल होतो, आणि दाबाने मेदाबरोबर स्नायूही चपटा होतो. यावर भरपूर जेल आणि जवळपास बिनदाबाचा स्पर्श हा रूढ उपाय आहे.

विश्वसनीयता सांगण्यासाठी बहुधा अंतर्वर्गीय सहसंबंध गुणांक (मापांतील एकूण फरकापैकी किती वाटा व्यक्तींमधील खऱ्या फरकाचा, हे 0 ते 1 मध्ये सांगणारा आकडा) दिला जातो, आणि येथेच सर्वाधिक दिशाभूल होते. मापनाची प्रमाण त्रुटी 1 मिलिमीटर असताना गटातील व्यक्तींच्या खऱ्या जाडीचे प्रमाण विचलन (सरासरीभोवती मापे किती विखुरली आहेत याचे माप) 2 मिलिमीटर असेल, तर गुणांक 0.80 येतो; तेच विचलन 5 मिलिमीटर असेल, तर 0.96. कृश आणि स्थूल व्यक्ती एकत्र घेतल्या की स्नायूंच्या जाडीतील फरक वाढू शकतो व गुणांक आपोआप सुधारतो. मापकाचा हात मात्र तोच राहतो. 1 मिलिमीटर त्रुटी असताना एकाच व्यक्तीत सुमारे 2.8 मिलिमीटरपेक्षा लहान बदल 95 टक्के खात्रीने ओळखता येत नाही. म्हणून गुणांकाबरोबर मिलिमीटरमधील त्रुटी, आणि तीही स्थूल गटासाठी स्वतंत्र, देणे आवश्यक आहे.

उजळपणाच्या मापाबाबत वाद अधिक तीव्र आहे. स्नायूतील मेद व तंतुमय ऊती चित्र उजळ करतात, तर वरचा मेदाचा थर ते काळवंडवतो. यंग व सहकाऱ्यांनी 2015 मध्ये मेदाच्या दर सेंटिमीटरमागे 40.5278 एकके मिळवण्याची दुरुस्ती सुचवली. 0 ते 255 च्या मोजपट्टीवर 3 सेंटिमीटरसाठी ही भर सुमारे 122, म्हणजे जवळपास अर्धी पट्टी होते. उजळपणा यंत्र, गेन (प्रतिध्वनी वाढवून दाखवण्याची मात्रा) व खोली यांनुसार बदलत असल्याने हा स्थिरांक जसाच्या तसा दुसऱ्या यंत्रावर नेणे धोक्याचे वाटते. मूळ आणि दुरुस्त असे दोन्ही आकडे देणे श्रेयस्कर.

मेदाचा अंदाज वजन व उंचीवरून बांधणे भारतीयांच्या बाबतीत अपुरे पडते. पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले : दोघांचा देहभार निर्देशांक (बीएमआय) 22.3, पण मेद अनुक्रमे 21.2 व 9.1 टक्के. नाशिक जिल्ह्यात ही विविधता ठळक आहे. कविता राऊत यांच्यासारख्या लांब पल्ल्याच्या धावपटू घडवणारा हरसूलचा आदिवासी भाग, तालमींतील मल्ल आणि शहरातील बैठे काम करणारे नागरिक यांना एकच प्रमाणित कोष्टक लावता येणार नाही. म्हणून प्रत्येक नोंदीत, त्याच जागी मोजलेली मेदाची जाडी स्नायूच्या मापाशेजारी लिहावी. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या 1994 च्या कायद्यानुसार सोनोग्राफी यंत्राची व केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. त्यामुळे तालमीत वा मैदानावर यंत्र नेऊन माप घेणे सहज शक्य होत नाही आणि खेळाडूला केंद्रावर यावे लागते. आल्यावर त्यास काही वेळ आडवे ठेवूनच माप घेतात, कारण उभ्याचे आडवे होताच मांडीतील द्रव सरकून स्नायूची जाडी बदलते.