तीच अँटिबॉडी, वेगळी पद्धत : अ‍ॅक्वापोरिन आणि मॉग तपासण्यांची पार्श्वभूमी

मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरचे मायलिनचे आवरण ज्या स्वप्रतिकार आजारांत नष्ट होते, त्यांत रक्ताच्या दोन तपासण्या आता नेहमीच्या झाल्या आहेत : अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग (मायलिन ऑलिगोडेंड्रोसाइट ग्लायकोप्रोटीन). ही दोन प्रथिने आहेत; त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंड, रक्तात आहे का हे या तपासण्या पाहतात. अहवाल हातात पडला की नजर आधी ‘पॉझिटिव्ह’ की ‘निगेटिव्ह’ हे शोधते. खाली बारीक अक्षरांत छापलेली पद्धत वाचायची राहून जाते. खरे तर या तपासण्या आज विश्वासार्ह वाटतात त्या पद्धत सुधारत गेल्यामुळेच. ज्या प्रथिनाला अँटिबॉडी चिकटते ते प्रथिन तपासणीत कोणत्या रूपात ठेवले आहे, यावर निकाल ठरतो.

1894 साली फ्रान्समधील ल्याँ येथे युजेन देविक आणि त्यांचे विद्यार्थी फर्नां गो यांनी डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जू दोन्हींना सूज येणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. पुढची शंभर वर्षे हा आजार, म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका किंवा एनएमओ, मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मायलिन नष्ट करणाऱ्या आजाराचाच एक प्रकार समजला गेला. जपानमध्ये तो ‘ऑप्टिकोस्पायनल एमएस’ या नावाने ओळखला जाई. या गल्लतीची किंमत रुग्णांनी मोजली. एमएसमध्ये उपयोगी पडणारे इंटरफेरॉन-बीटा हे औषध एनएमओ बळावू शकते. पुढे नॅटालिझुमॅब आणि फिंगोलिमॉड या एमएसच्या औषधांबाबतही तोच अनुभव आला.

2004 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये व्हांडा लेनन यांच्या गटाने, जपानमधील सेंडाई येथील सहकाऱ्यांसोबत, या रुग्णांच्या सीरममधील (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवातील) एक अँटिबॉडी ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. उंदराच्या मेंदूच्या पातळ छेदावर सीरम घातले की सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या कडेने आणि मेंदूच्या पृष्ठभागालगत चकाकी दिसे. उत्तर अमेरिकेतील 45 एनएमओ रुग्णांपैकी 73 टक्क्यांत ती सापडली. ती नेमकी कशाला चिकटते, हे कोडे पुढच्याच वर्षी सुटले आणि ते सुटले मेंदूच्या बाहेर पाहिल्यामुळे. हीच चकाकी मूत्रपिंडाच्या संग्राहक नलिकांत आणि जठराच्या अस्तरातही दिसत होती. या तिन्ही ठिकाणी एक जलवाहिनी प्रथिन असते : अ‍ॅक्वापोरिन-४. ज्या उंदरांत हे प्रथिन जनुकीय बदलाने काढून टाकले होते, त्यांच्या ऊतींवर चकाकी उमटली नाही. पुराव्याची इतकी स्वच्छ साखळी स्वप्रतिकार आजारांत क्वचितच मिळते. आणखी एक गोष्ट उघड झाली : हे प्रथिन मायलिनवर नसून अ‍ॅस्ट्रोसाइट या मेंदूतील आधार देणाऱ्या पेशींच्या टोकांवर असते. एनएमओमध्ये आधी अ‍ॅस्ट्रोसाइट मरतात, मायलिन नंतर जाते.

मॉगची वाट याहून वाकडी होती. मायलिनच्या अगदी बाहेरच्या थरावर असलेले हे प्रथिन अँटिबॉडीच्या सहज हाती लागते. म्हणून 1980 च्या दशकापासून प्राण्यांवरील प्रयोगांत ते एमएसचे संभाव्य लक्ष्य मानले जाई. 2003 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 103 रुग्णांचा अभ्यास आला. पहिल्या झटक्यानंतर ज्यांच्या रक्तात मॉग आणि एमबीपी या मायलिन प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी होती, त्यांना एमएस होण्याची शक्यता जास्त, असा त्याचा निष्कर्ष. 2007 मध्ये त्याच नियतकालिकात 462 रुग्णांचा अभ्यास आला आणि त्यात हा संबंध दिसला नाही.

दोन्ही अभ्यासांत तपासणी वेस्टर्न ब्लॉटने केली होती. या पद्धतीत प्रथिन डिटर्जंटमध्ये उकळून त्याच्या घड्या मोडतात, मग ते पट्टीवर पसरतात. रुग्णात खरे नुकसान करणारी मॉग अँटिबॉडी घडी असलेल्या, पेशीच्या पडद्यात बसलेल्या प्रथिनालाच ओळखते. उलगडलेल्या पट्टीवर तिला धरायला जागाच उरत नाही, आणि भलत्याच अँटिबॉडी मात्र चिकटतात. त्याच 2007 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मधील एका अभ्यासात घडी शाबूत ठेवलेले मॉगचे टेट्रामर (चार रेणूंचे जुडगे) वापरले, तेव्हा एडीईएम, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूला अचानक पसरट सूज येणारा आजार, झालेल्या मुलांत अँटिबॉडी ठळकपणे दिसली आणि प्रौढांच्या एमएसमध्ये ती दुर्मिळ ठरली.

यावर उत्तर मिळाले ते सेल-बेस्ड अ‍ॅसेमुळे. एचईके-293 या मानवी पेशींत संपूर्ण लांबीच्या मानवी मॉगचे किंवा अ‍ॅक्वापोरिनचे जनुक घालतात. पेशी ते प्रथिन स्वतःच्या पडद्यावर योग्य घडीत मांडते. ‘लाइव्ह’ पद्धतीत जिवंत पेशींवर सीरम घालतात. ‘फिक्स्ड’ पद्धतीत पेशी आधीच रसायनाने स्थिर केलेल्या असतात, म्हणून किट कुठेही पाठवता येते. भारतातील बहुतेक खासगी प्रयोगशाळा फिक्स्ड किट वापरतात. त्यात सीरम 1:10 पातळ करून सुमारे 30 मिनिटे ठेवतात, धुतात, रुग्णाच्या अँटिबॉडीला चिकटून ती दाखवणारी, चमकणारी दुय्यम अँटिबॉडी आणखी 30 मिनिटे ठेवतात, पुन्हा धुतात आणि फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शेजारच्या चौकोनात जनुक न घातलेल्या पेशी असतात. त्याही चमकत असतील तर नमुन्यात दुसरीच कुठली अँटिबॉडी, बहुधा केंद्रकाला चिकटणारी, आहे. अशा वेळी निकाल पॉझिटिव्ह देणे चूक. पेशीच्या कडेवरची रेषा खरी मानायची, आतला धूसर उजेड नव्हे.

दुय्यम अँटिबॉडी कोणती, यानेही बराच घोळ घातला. सुरुवातीच्या मॉग तपासण्यांत आयजीजी या प्रकारच्या अँटिबॉडीच्या जड व हलक्या दोन्ही साखळ्यांना चिकटणारी दुय्यम अँटिबॉडी वापरत. हलकी साखळी आयजीएम या दुसऱ्या प्रकारातही असते, म्हणून निरोगी आणि एमएसचे लोकही पॉझिटिव्ह येत. ऑक्सफर्डच्या गटाने 2015 मध्ये फक्त आयजीजी-1 हा आयजीजीचा उपप्रकार ओळखणारी दुय्यम अँटिबॉडी वापरून हा गोंधळ बराच कमी केला.

अ‍ॅक्वापोरिनसाठी 2015 च्या आंतरराष्ट्रीय निकषांनी सेल-बेस्ड अ‍ॅसेच शक्य तिथे वापरावी असे सांगितले. तिची सरासरी संवेदनशीलता (खरे रुग्ण पकडण्याचे प्रमाण) 76.7 टक्के आणि एमएस क्लिनिकमधील खोटे पॉझिटिव्ह 0.1 टक्का, असे आकडे त्यात दिले आहेत. एलायझा या प्लेटवर चिकटवलेल्या प्रथिनाच्या जुन्या पद्धतीत कमी पातळीचे खोटे पॉझिटिव्ह येतात. एलायझाचा काठावरचा निकाल घेऊन कोणाला आयुष्यभराचे औषध सुरू करू नये. आधी सेल-बेस्ड अ‍ॅसे करून घ्यावी. भारतात मंगळूरू येथील डॉ. लेखा पंडित यांच्या गटाने या दोन्ही अँटिबॉडींवर भारतीय रुग्णांत सातत्याने काम केले आहे.

मॉगमध्ये टायटर, म्हणजे सीरम किती पातळ करेपर्यंत तपासणी पॉझिटिव्ह राहते ते प्रमाण, फार बोलके असते. मेयो क्लिनिकच्या 2021 मधील विश्लेषणात 1:1000 टायटर असलेले सर्व पॉझिटिव्ह खरे निघाले, 1:100 ला 82 टक्के आणि 1:20 ते 1:40 मध्ये जेमतेम 51 टक्के. म्हणून 2023 च्या मॉग आजाराच्या निकषांत फिक्स्ड पद्धतीने 1:100 किंवा अधिक असेल तरच ‘स्पष्ट पॉझिटिव्ह’ म्हटले आहे. त्याखालचा किंवा टायटरच न दिलेला निकाल असेल, तर अ‍ॅक्वापोरिन निगेटिव्ह हवे आणि आजाराची किंवा एमआरआयची पूरक लक्षणेही हवीत. दिसायला ठरीव एमएस असलेल्या प्रत्येकाची मॉग तपासणी करणे यामुळेच घातक. समजा अशा 1000 जणांत खरे मॉग रुग्ण 5 आहेत आणि तपासणीची विशिष्टता (आजार नसलेल्यांना निगेटिव्ह दाखवण्याचे प्रमाण) 98 टक्के आहे. तर सुमारे 20 जण उगाच पॉझिटिव्ह येतील.

नमुना शक्यतो झटक्याच्या वेळी, प्लाझ्मा बदलण्यापूर्वी आणि स्टेरॉइड सुरू होण्याआधी घ्यावा. प्लाझ्मा बदलल्यावर अँटिबॉडी धुऊन निघते आणि निगेटिव्हला अर्थ उरत नाही. अर्थात नमुन्यासाठी उपचार थांबवू नयेत; रक्त काढून ठेवायला काही मिनिटे लागतात. दोन्ही तपासण्यांसाठी सीरम पुरते. पाठीच्या पाण्यातील अ‍ॅक्वापोरिन तपासणी सीरम निगेटिव्ह असताना फारशी भर घालत नाही. मॉगमध्ये थोड्या रुग्णांत अँटिबॉडी फक्त पाठीच्या पाण्यात सापडते. निकाल निगेटिव्ह आणि संशय दाट असेल तर काही महिन्यांनी, औषधांचा परिणाम ओसरल्यावर, पुन्हा पाठवावे.

पॉझिटिव्ह निकालाचा पुढचा वापरही दोन्हींत सारखा नाही. एडीईएमच्या एकाच झटक्यानंतर अनेक मुलांत मॉग अँटिबॉडी काही महिन्यांत नाहीशी होते आणि आजार परतण्याची शक्यता कमी होते. त्यामुळे सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा तपासणे उपयोगाचे ठरते. अ‍ॅक्वापोरिनची अँटिबॉडी सहसा वर्षानुवर्षे राहते, आणि ती उपचारांत कमी झाली किंवा दिसेनाशी झाली तरी तेवढ्यावरून औषध बंद करता येत नाही.