कर्करोग-उपचारांतील थकवा आणि व्यायाम

कर्करोगावर केमोथेरपी, किरणोपचार किंवा संप्रेरक-उपचार चालू असताना रुग्णाला जो शीण येतो, तो केलेल्या श्रमाच्या मानाने फार जास्त असतो आणि रात्रभर झोपूनही पुरता जात नाही. केमोथेरपीत तो प्रत्येक डोसनंतरच्या पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतो, तर किरणोपचारांत आठवड्यागणिक साचत जातो. रक्तक्षय, शरीरातील दाह, झोपमोड, मंदावलेली भूक, थायरॉइडचे बिघडलेले कार्य आणि मनाची खचलेली अवस्था ही त्याची कारणे आहेत. त्यांत पडून राहण्याची भर पडली की स्नायू झिजतात, आणि मग अंघोळीची बादली उचलणेही जड जाते.

पूर्वी अशा रुग्णांना विश्रांतीच सांगितली जाई. १९८० च्या दशकात अमेरिकेत मॅकव्हिकर आणि विनिंगहॅम या परिचर्या-संशोधकांनी केमोथेरपी चालू असलेल्या स्तनकर्करुग्ण स्त्रियांकडून व्यायामाची सायकल चालवून घेतली. त्यांची कार्यक्षमता वाढल्याचे दिसले. २०१७ मध्ये ११३ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात थकव्यावर औषधांपेक्षा व्यायाम व मानसोपचार अधिक गुणकारी ठरले. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आठवड्यातून तीनदा ३० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम किमान १२ आठवडे करावा. त्याला दोनदा स्नायुबळाच्या व्यायामाची जोड देता येते. मध्यम गती म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत, हा सल्ला देताना एक अडचण हमखास येते. कापूस वेचणाऱ्या किंवा केळीच्या बागेत राबणाऱ्या बाईला व्यायाम सुचवला, तर ‘घरचं-शेतातलं काम होतंच की’ असे उत्तर मिळते, आणि ते चुकीचेही नाही. मात्र शेतकाम संपेपर्यंत थांबता येत नाही, तर उपचारातील व्यायाम दमून जाण्याआधी थांबवायचा असतो. हा भेद समजावून सांगणे वेळापत्रक हाती देण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. सुरुवात ओट्यावर पाच मिनिटे चालण्यानेही होते. खुर्चीवर बसून, हात गुडघ्यांवर न टेकता, नुसत्या मांड्यांच्या जोरावर पाच वेळा उठणे हा पायांसाठी पुरेसा आरंभ आहे. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या हातांसाठी चालतात.

येथील उन्हाळा मात्र कठोर असतो. भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणून चालणे सूर्योदयाच्या सुमारास उरकावे. उलट्या-जुलाब झालेल्या दिवशी ते टाळावे. पॅक्लिटॅक्सेलसारख्या केमोथेरपीच्या औषधांनी तळपाय बधिर झाले असल्यास तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही, त्यामुळे अनवाणी चालू नये. बरेच रुग्ण उपचारांसाठी रेल्वेने चारशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून मुंबईला जातात. त्या प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी व्यायाम हलकाच ठेवावा.

ताप, छातीत दुखणे, चक्कर, अचानक लागलेली धाप किंवा नव्याने सुरू झालेले हाडांचे दुखणे असल्यास व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना कळवावे. रक्तातील बिंबाणू (रक्त गोठण्यास मदत करणारे प्लेटलेट) घटले असतील किंवा रोग हाडांत पसरला असेल, तर व्यायामाचा प्रकार आणि मात्रा डॉक्टरांनी ठरवून द्यावी लागते.