वाढत्या आईच्या पोटात वाढतं बाळ

"ही दिवस वर येईपर्यंत लोळते." "बाळ रडतंय आणि हिचा डोळा उघडत नाही." "एवढं खायला घालतो, तरी हिला दूध नाही." सतरा-अठराव्या वर्षी आई झालेल्या मुलीच्या सासरी आशाताई गृहभेटीला गेली, की अशी वाक्यं उंबऱ्यातच कानावर पडतात. आळशी, हट्टी, उर्मट असे शिक्के मुलीच्या स्वभावावर बसतात आणि भांडण तिथून वाढत जातं. पण या तक्रारींचा मोठा भाग स्वभावाचा नसून शरीराचा आहे. शरीर अजून वाढीला लागलेलं असताना त्याच्यावर दुसऱ्या जिवाची वाढ येऊन पडली, की काय होतं हे घरातल्यांना कळलं पाहिजे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के आई झाल्या होत्या किंवा गरोदर होत्या. परभणी आणि बीडमध्ये कमी वयातल्या लग्नांचं प्रमाण ४० टक्क्यांच्याही वर होतं. त्यामागे ऊसतोडीचं गणित आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादम उचल (आगाऊ पैसे) देतो ती कोयत्यामागे. शिवाय आईबाप पाच-सहा महिने फडावर जाणार असतील, तर वयात आलेली मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न असतोच. या आईबापांना नुसतं अडाणी म्हणून काहीही साधत नाही.

पाळी साधारण तेराव्या वर्षी सुरू होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत उंची वाढायची जवळजवळ थांबते, म्हणून घरच्यांना मुलगी 'पूर्ण वाढलेली' वाटते. मात्र कटीची हाडं त्यानंतरही रुंदावत असतात, आणि हाडांत चुना साठण्याचं काम तर विशीतही चालू राहतं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅम्डेन शहरात किशोरवयीन गरोदर मुलींच्या गुडघ्याखालच्या पायाची लांबी पुन्हा पुन्हा मोजली गेली. ज्या मुली गरोदरपणातही वाढत होत्या, त्यांचं स्वतःचं वजन चांगलं वाढलं, तरी त्यांची बाळं वाढ थांबलेल्या मातांच्या बाळांपेक्षा सुमारे दीडशे ग्रॅमने हलकी भरली. आईच्या शरीराने वाटणीतला काही हिस्सा स्वतःकडे राखला होता. कॅम्डेनच्या मुलींपेक्षा कितीतरी कमी खाऊन, डोक्यावर उसाची मोळी वाहणाऱ्या मुलीच्या शरीरात ही ओढाताण किती होत असेल! पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाने केलेल्या माता-पोषण अभ्यासात गरोदरपणी जास्त कष्टाचं काम करणाऱ्या बायकांची बाळं लहान असल्याचं दिसलं, आणि त्या बायकांचं सरासरी वय एकवीसच्या आसपास होतं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबाने १६ ते १८ वयाच्या मुलीला रोज सुमारे २५०० किलोकॅलरी लागतात. गरोदरपणात त्यावर ३५० आणि अंगावर पाजताना पहिले सहा महिने ६०० जास्त. ३५० म्हणजे एक मध्यम भाकरी आणि मूठभर शेंगदाणे. घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या ताटात नेमकं एवढंच कमी पडतं. बऱ्याच घरांत ते मुद्दाम कमी केलं जातं: "जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होईल, अडशील." यामागे माया असते, पण हिशेब चुकलेला असतो. अन्न कमी पडलं की गर्भ रक्ताचा ओघ आधी मेंदूकडे वळवतो, त्यामुळे डोकं फारसं लहान होत नाही, हातपाय आणि पोट वाळतात. बाळंतपणात अडतं ते बहुधा डोकं. म्हणजे सुटका सोपी होत नाहीच, वर बाळ अडीच किलोच्या खाली जन्मतं.

थकव्याचं दुसरं कारण रक्त. महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुली पंडुरोगी आहेत. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे पंडुरोग, ७ च्या खाली गेलं तर थेट रुग्णालय गाठायचं. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक लाल गोळी (६० मिलिग्रॅम लोह) आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, हा सरकारी नियम आहे. गोळ्या मिळतात, पोटात जात नाहीत, याची कारणं साधी आहेत: मळमळतं, शौच काळी होते, बद्धकोष्ठ होतो. जेवणानंतर, रात्री झोपताना घेतली तर मळमळ कमी जाणवते. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको, लिंबू चालेल. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर हवं.

एका तक्रारीला मात्र कधीही कामचुकारपणा समजू नये. पाचव्या महिन्यानंतर डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं, तोंडावर-हातावर सूज ही रक्तदाब चढल्याची लक्षणं असतात, आणि पहिलटकरणीला, त्यातही अगदी कोवळ्या वयात, हा धोका जास्त. दाब १४०/९० किंवा त्याहून वर आला, की त्याच दिवशी डॉक्टर. पुढे झटके येऊ शकतात. झटका म्हणजे बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे नेण्यात जे तास जातात, त्यात जीव जातो. १०८ ला फोन करावा, मुलीला डाव्या कुशीवर ठेवावं, तोंडात चमचा किंवा पाणी काहीही घालू नये.

आता झोपेकडे. किशोरवयात झोपेचं संप्रेरक रात्री उशिरा पाझरू लागतं, त्यामुळे झोप उशिरा लागते आणि सकाळी जाग येत नाही. या वयात आठ ते दहा तास झोपेची गरज असते. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. सासूबाई मात्र पहाटे पाचला उठलेल्याच असतात. यात एक सोय दडलेली आहे, ती फार कमी घरं वापरतात. रात्री अकरा-बाराचं पाजणं मुलीने जागेपणीच उरकावं. पहाटेचं पाजून झालं की बाळ आजीने घ्यावं, ढेकर काढावी, आणि मुलीला सलग तीन तास झोपू द्यावं. ज्या वेळी भांडण पेटतं, तीच वेळ मदतीची होते.

स्वतःला आवरणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पिकत राहतो. भावना पेटवणारे भाग त्याच्या आधीच पुरते जागे झालेले असतात. चारचौघांत झालेला अपमान या वयात फार खोल लागतो. म्हणून बाळाला धरायचं कसं, न्हाऊ कसं घालायचं, हे पाहुण्यांसमोर बोलून सांगू नये. एकांतात, तिच्या हातावर आपला हात ठेवून दाखवावं, एका वेळी एकच गोष्ट.

सगळ्यात जास्त घरं बिघडतात ती दुधावरून. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी पाच-सात मिलिलिटरच मावतात, म्हणजे चमचाभर चीक पुरतो. भरपूर दूध उतरायला तिसरा-चौथा दिवस उजाडतो, आणि तोवर "हिला दूधच नाही" असा निकाल लागून बाटली आलेली असते. दूध जितकं काढलं जाईल तितकं तयार होतं. बाटलीने भरलेलं बाळ ओढत नाही, आणि मग खरोखरच दूध आटतं. पान्हा फुटायला जे संप्रेरक लागतं, ते भीतीने आणि बोलण्यांनी अडतं. म्हणजे टोमणाच स्वतःला खरा करून दाखवतो. तपासायचं असेल तर मोजावं: पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा वेळा लघवी, आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत. तेवढं होत असेल तर दूध पुरतंय. कमी पडत असेल तर आधी पकड पाहावी. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा. निप्पलला चिरा पडल्या, तर पकड चुकते आहे. रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरोघरच्या नवजात सेवेची जी पद्धत उभी केली, तिच्यातून ही भेट देशभर पोचली. तिसऱ्या दिवसाच्या भेटीत सासूला समोर बसवून ही पकड दाखवली, तर पुढचा महिना वेगळा जातो.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसात रडू येणं बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही मुलगी बाळाकडे पाहत नसेल, जेवत नसेल, "मी मेले तर बरं" म्हणत असेल, तर ते नैराश्य आहे. मरणाचा विचार येतो का, हे तिला सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

बाळंतपणानंतर किमान दोन वर्षं पुन्हा दिवस राहू नयेत, कारण रिकामी झालेली हाडं आणि रक्त भरून यायला वेळ लागतो. बाळ सहा महिन्यांच्या आत, पाळी आलेली नाही आणि दिवस-रात्र फक्त अंगावरच पाजणं, या तिन्ही गोष्टी असतील तोवरच, पाजण्यामुळे दिवस राहणार नाहीत असा भरवसा धरता येतो. एक जरी सुटली तरी गर्भनिरोधक साधन हवं. सरकारी दवाखान्यात 'छाया' गोळी (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा), दर तीन महिन्यांनी 'अंतरा' इंजेक्शन आणि तांबी मोफत मिळते. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवता येते, आणि ती संधी गेली तर सहा आठवड्यांनी. नातवंडाची घाई आणि शेजारपाजारच्या चौकशा यांच्यात मुलीला एकटं न सोडता हे नवऱ्याशी, सातव्या महिन्यातच बोलून ठेवलेलं बरं.

लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीच्या घरात वेळच सगळ्यात महाग ठरतो. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं बीज नियमित सुटत नाही, पाळी मागेपुढे होते, त्यामुळे चुकलेली पाळी कुणाच्या लक्षातच येत नाही. लक्षात आल्यावर मारहाण, रडारड, मामाच्या गावी पाठवणं यात आणखी तीन-चार आठवडे जातात. कायद्याने गर्भपात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने होतो. अठराच्या आतल्या मुलीसाठी त्यापुढे २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने तो होतो, आणि तिच्या बाबतीत पालकाची लेखी संमती कधीही लागतेच. डॉक्टरला पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली पोलिसांना कळवावंच लागतं, पण मुलीचं नाव उघड न करता ते करता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. या भीतीने औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घरीच खाऊ घातल्या, तर अर्धवट गर्भपात आणि रक्तस्राव होतो. दिवस पुढे गेलेच असतील आणि बाळ ठेवणं शक्य नसेल, तर बालकल्याण समितीसमोर ते सोपवता येतं. निर्णय बदलायला त्यानंतर ६० दिवस मिळतात, आणि त्या मुदतीत बाळ दत्तक दिलं जात नाही. मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या क्रमांकावर फोन केला, की या समितीपर्यंत पोचता येतं.