कागद असेल तर कप्तान, नसेल तर चाचा

स्पेनविरुद्ध बंड करणाऱ्या डच दर्यावर्दींचं ‘समुद्रातले भिकारी’ हे नाव मुळात शिवीच होती. १५६६ मध्ये नेदरलँड्समधले काही सरदार स्पेनच्या राज्यपाल मार्गारेट यांच्याकडे धर्मछळ थांबवा अशी विनंती घेऊन गेले, तेव्हा दरबारातल्या कुणीतरी त्यांना ‘भिकारी’ म्हणून हिणवलं. सरदारांनी ती शिवी बिरुदासारखी मिरवली. पुढे बंड पेटलं तेव्हा बंडाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंजने याच गटातल्या दर्यावर्दींना स्पॅनिश जहाजं लुटण्याच्या सनदा दिल्या. देशोधडीला लागलेले सरदार, बेकार खलाशी, सरळसरळ दरोडेखोर असा सगळा भरणा त्यांत होता. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने त्यांना आपल्या बंदरांतून हाकललं आणि जायला जागा न उरलेल्या या ताफ्याने १ एप्रिल १५७२ रोजी ब्रील हे बंदर घेतलं. डच स्वातंत्र्ययुद्धातला हा पहिला मोठा विजय. तो मिळवून देणाऱ्यांना शेजारची राज्यं चाचे म्हणत होती.

चाचा आणि कप्तान यांच्यात फरक होता तो त्या सनदेचा. शत्रूची जहाजं पकडायला सरकारने खाजगी माणसाला दिलेली ही लेखी परवानगी. डच भाषेत तिला ‘कापरब्रीफ’ म्हणत. पकडलेलं जहाज बंदरात आणून नौदलाच्या मंडळापुढे उभं करायचं. लूट रीतसर ठरली की त्यातून सरकारचा हिस्सा, जहाजात पैसे घालणाऱ्या भागीदारांचा हिस्सा आणि उरल्यातून खलाशांचा. गोळीबाराच्या मागे असा सगळा जमाखर्च चाले. झीलंड प्रांतातलं व्हलिसिंगन शहर याच धंद्यासाठी ओळखलं जाई.

पण सनदच धड नसेल तर? हा प्रश्न २५ फेब्रुवारी १६०३ रोजी आजच्या सिंगापूरजवळ उभा राहिला. डच कप्तान याकोब व्हान हेमस्कर्कने ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडलं. चिनी रेशीम आणि चिनी मातीची भांडी यांनी ते खच्चून भरलेलं होतं. आम्स्टरडॅममध्ये मालाचा लिलाव झाला तेव्हा तेहतीस लाख गिल्डरहून (डच चलन) अधिक रक्कम आली. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या तेव्हाच्या एकूण भांडवलाच्या निम्म्याहून जास्त! अडचण एवढीच की हेमस्कर्कला स्वसंरक्षणापलीकडे हल्ल्याची परवानगी नव्हती. शिवाय मेनोनाइट या शस्त्र न धरणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या काही भागधारकांना शस्त्राने मिळवलेला नफा नको होता.

कंपनीने मग ह्यूगो ग्रोशियस या विशीतल्या वकिलाला कामाला लावलं. त्याने लिहिलेल्या भल्यामोठ्या बचावातलं एक प्रकरण १६०९ मध्ये ‘मारे लिबेरुम’, म्हणजे ‘मुक्त समुद्र’, या नावाने छापलं गेलं. समुद्र कुणाच्याच मालकीचा नाही, व्यापाराचा हक्क सर्वांना आहे, हे आंतरराष्ट्रीय कायद्यातलं गाजलेलं तत्त्व असं एका लुटीच्या वकिलीतून आलं. गंमत पुढेच आहे. मसाल्याच्या बेटांवर डचांनी इतरांना अडवायला सुरुवात केली आणि १६१३ मध्ये ग्रोशियस स्वतः वाटाघाटींसाठी लंडनला गेला, तेव्हा इंग्रजांनी त्याचीच वाक्यं त्याच्यापुढे ठेवली.

स्पेनशी झालेला १६०९ चा तह बारा वर्षांनी संपला आणि १६२१ मध्येच डच वेस्ट इंडिया कंपनी निघाली. व्यापार होताच, पण स्पेनची अमेरिकेतली रसद तोडणं हा कंपनीच्या कामाचा उघड भाग होता. १६२३ ते १६३६ या काळात तिने ५४७ जहाजं पकडल्याची नोंद तिच्याच एका संचालकाने करून ठेवली आहे. त्यांत एकच शिकार अशी, की डच शाळकरी पोरंही तिची गाणी म्हणत आली. सप्टेंबर १६२८ मध्ये कंपनीचा ॲडमिरल पीट हाइनने क्यूबाच्या मातान्झास उपसागरात स्पेनचा चांदीचा ताफा गाठला. मोठी लढाई झालीच नाही. १ कोटी १० लाख गिल्डरहून अधिक किमतीचा ऐवज हाती आला. भागधारकांना घसघशीत लाभांश मिळाला, आणि १६३० मध्ये ब्राझीलमधलं रेसिफे जिंकायची मोहीम उभी राहिली. स्पेनच्या ॲडमिरलला पुढे मृत्युदंड झाला. पीट हाइन तरुणपणी स्पॅनिश गलबतांवर कैदी म्हणून वल्हं मारत होता, हेही ध्यानात ठेवायला हवं.

१६२९ मध्ये तो मेला तो स्पेनच्या ताब्यातल्या डंकर्क बंदराच्या जहाजांशी लढताना. डंकर्कचे खलाशी नेमके डचांसारखेच होते: स्पॅनिश सत्तेच्या सनदेवर डच व्यापारी आणि मासेमारी जहाजं लुटणारे. तरी डच सरकारने पकडलेल्या डंकर्करांना समुद्रात बुडवण्याचे हुकूम काढले. खलाशी त्याला ‘पाय धुणं’ म्हणत.

१६४८ मध्ये स्पेनशी शांतता झाली आणि डच चाच्यांनी दुसऱ्या राजांच्या सनदा शोधल्या. डोर्ड्रेख्टचा लॉरेन्स डे ग्राफ आणि निकोलस व्हान होर्न यांनी मे १६८३ मध्ये मेक्सिकोचं व्हेराक्रूझ लुटलं. वाटणीवरून दोघांत द्वंद्व झालं आणि व्हान होर्न त्याच जखमेने मेला. डे ग्राफला फ्रान्सने पुढे आपला अधिकारी करून घेतलं.

कोकणालाही हा कागदाचा खेळ अनोळखी नव्हता. १६३६ पासून डच ताफे गोव्याची नाकेबंदी करू लागले आणि त्यांच्या सोयीसाठी १६३७ मध्ये वेंगुर्ल्याला डच वखार पडली. पोर्तुगीजांचे ‘कार्ताझ’ नावाचे परवाने इथल्या व्यापाऱ्यांना त्याआधीपासून घ्यावे लागत होते. पुढे कान्होजी आंग्र्यांनी, मराठ्यांचे सरखेल या नात्याने, स्वतःची दस्तकं द्यायला सुरुवात केली. दस्तक नसलेलं जहाज ते पकडत. युरोपियनांच्या लेखी ते मात्र चाचे ठरले. १७२४ मध्ये डचांचा ताफा त्यांच्या विजयदुर्गावर चालून आला आणि किल्ला न घेताच परत गेला.